दातांच्या दवाखान्यावर नोन

रिसोलत-ओपा, म्हणजे रिसोलतताई, सकाळी कार्यालयात आल्या की पिशवी खुर्चीला अडकवायच्या, आतून पाच मीटरचा टेप काढायच्या आणि टेबलावर आपटायच्या. आपटण्याच्या आवाजावरून मला कळायचं की आज कुणीतरी कुठेतरी जुन्या भिंतीला भोक पाडलंय.

अकरा वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलाशी बसलो. उझबेकिस्तानातल्या आमच्या कोकंदच्या जुन्या व्यापारी रस्त्यावरच्या आणि आसपासच्या त्रेसष्ट इमारती आमच्या कार्यालयाच्या जपायच्या यादीत होत्या. कापसाच्या दलालांची पिवळ्या विटांची घरं, पेढ्या, एक जुनं औषधालय, दोन मदरसे. छपरं, भिंती आणि दारं बघणारी माणसं वेगळी होती, आणि त्यांना लोक निदान चहा तरी विचारायचे. ओपांकडे होत्या पाट्या. जुनी पाटी काढायची नाही, खरवडायची नाही, तिच्यावर रंग मारायचा नाही. नवी लावायची तर ठरल्या मापाची, आणि वीट न फोडता दोन विटांमधल्या सांध्यात खिळा मारून. नियम सगळे मिळून दीड पानाचे. ते दीड पान ओपांनी इतक्यांदा मोठ्याने वाचून दाखवलं होतं, की मी फोटो काढता काढता पुढचं वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणायचो.

त्या मूळच्या शाळेतल्या बाई. ताश्कंदला शिकताना जुनी हस्तलिखितं वाचायचा अभ्यास केलेला, म्हणून अरबी अक्षरं येत होती. आमच्या गावात आजोबाने दुकानावर अरबी अक्षरांत नाव लिहिलं, मुलाने पहिल्या लॅटिनमध्ये, मग रशियन अक्षरांत, आणि नातू आता नव्या लॅटिनमध्ये दिवे लावून लिहितो. ही चारही अक्षरं सलग वाचू शकणारं माणूस कार्यालयाला हवं होतं. ओपांना वाटलं, वर्षभराचं काम आहे, यादी करून परत शाळेत जाऊ. ट्रक चालवणारा नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन नमनगानला गेली, शाळेतली जागा भरली गेली, आणि ओपा पाट्यांपाशीच राहिल्या. बुटक्या, रुंद, डोक्याला मागे गाठ मारलेला रुमाल, आणि पायात पुरुषी बूट, कारण आठवड्यातून दोनदा तरी शिडी चढायला लागायची.

ओबिदजोन दोख्तरने एका कापूस-दलालाच्या घराचा तळमजला घेतला, तेव्हापासून ओपांच्या डोक्याला कायमचा ताप लागला. दातांचा डॉक्टर, चाळिशीचा, हात हलका, स्वभाव गोड. पण पाटीच्या बाबतीत माणूस ऐकायला तयार नाही. त्याने घराच्या दर्शनी भागावर वरपासून खालपर्यंत फ्लेक्स ताणला. त्यावर एक बाई हसत होती आणि तिचा एकेक दात खिडकीएवढा होता. ओपांनी सात नोटिसा दिल्या. प्रत्येक नोटीस त्याने उभं राहून, दोन्ही हातांनी घेतली. "तुमचा शब्द माझ्या डोक्यावर, ओपा," म्हणाला, आणि फ्लेक्स तसाच राहिला.

शेवटी काम केलं वाऱ्याने. आमच्याकडचा मार्चमधला वारा कुणाला ऐकत नाही. एका दुपारी त्याने त्या बाईला चारही कोपऱ्यांतून सोडवलं आणि समोरच्या चहाखान्याच्या तुतीच्या झाडात नेऊन अडकवलं. उघड्या पडलेल्या भिंतीवर, दाराच्या वर, तीन ठसठशीत रशियन अक्षरं होती. निळी, पांढऱ्या किनारीची, एका बाजूला पिवळी गव्हाची ओंबी. नोन, म्हणजे रोटी. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिथे सरकारी रोटीचं दुकान होतं, त्याची पाटी. तिच्या बरोबर मधून फ्लेक्सच्या खिळ्यांची चार भोकं गेली होती.

ओपा शिडीवर चढून त्या अक्षरांजवळ बराच वेळ उभ्या होत्या. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "रंगवणारा कोण होता माहीत नाही, पण हात काय होता. ही गोलाई बघ, फूटपट्टी न लावता काढलीय." अकरा वर्षांत मी त्यांना रस्त्यावर हसताना दोन-तीनदाच पाहिलं असेल, त्यातली ही एक वेळ. मग त्या आत गेल्या आणि डॉक्टरला सांगितलं, की आता इथे फ्लेक्स नाही, रंग नाही, काहीही नाही. स्वतःचं नाव खिडकीच्या काचेवर आतून लिहा आणि फुटपाथवर एक उभी पाटी ठेवा.

पंधरा दिवसांनी डॉक्टर कार्यालयात आला. सोबत गरम सोम्सांचा, भट्टीत भाजलेल्या सामोशांचा, पुडा होता. ओपांनी तो माझ्या टेबलाकडे सरकवला आणि हातानेच बसा म्हणाल्या.

"ओपा, कालपासून अकरा माणसं रोटी मागायला आली," तो म्हणाला. "एक आजी खुर्चीत जाऊन बसली. मला वाटलं दाढ दुखतेय. मी म्हटलं, तोंड उघडा. ती म्हणाली, आधी रोटी तर आण."

मला हसू आवरेना. ओपा हसल्या नाहीत.

"काचेवर नाव लिहिलंत?"

"काच कुणाला दिसते?"

"फुटपाथवरची पाटी?"

"वाऱ्याने उडाली."

"मग खाली वजन ठेवा, दोख्तर. तुम्ही लोकांच्या तोंडात सिमेंट भरता, एका पाटीत नाही भरता येत?"

तो हळूच म्हणाला, की समोर चहाखान्यात दिवसभर त्याची टिंगल चालते. तिथली मंडळी टोमण्यांसाठी प्रसिद्ध. एक म्हणे, ओबिदजोनकडे रोटी अशी मिळते की खाऊन दात पडतो आणि मग तोच बसवतो. दुसरा म्हणे, एका दारात दोन धंदे करणारा असा हुशार माणूस कोकंदमध्ये झाला नाही. डॉक्टरचं म्हणणं, या तीन अक्षरांवर निदान एक फळी तरी लावू द्या, खिळे सांध्यातच मारतो.

"फळी म्हणजे झाकणंच," ओपा म्हणाल्या. "झाकायचीच होती तर वाऱ्याने कशाला त्रास घेतला?"

तो गेला. ओपांनी टेप गुंडाळला आणि मला म्हणाल्या, की हा माणूस वाईट नाही, म्हणूनच त्रास होतो. वाईट माणसावर निदान ओरडता येतं.

उन्हाळा असाच गेला. डॉक्टर दर आठवड्याला काहीतरी नवीन करून बघायचा. कधी दाराच्या चौकटीवर दिव्यांची माळ, कधी पिवळ्या विटेवर चिकटपट्टीने लावलेला दात. ओपा जायच्या आणि काढायला लावायच्या. बाकीचा रस्ताही स्वस्थ नव्हता. मोबाईलवाल्याने मदरशाच्या कोपऱ्यावर दिव्यांचा डबा बसवला. शिवणकामाच्या दुकानाने जुन्या अक्षरांवर बाण काढून 'मागच्या दाराने या' असं लिहिलं. संध्याकाळी ओपा बूट काढून टेबलाखाली पाय ताणायच्या आणि म्हणायच्या, "तोलिबजोन, माणसाला लिहायला शिकवलं कुणी?"

ऑगस्टच्या मध्यावर वरून कागद आला. सप्टेंबरात कारागिरांचा मेळा, बाहेरचे पाहुणे येणार. तोवर जुन्या रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या एकसारख्या करायच्या. तपकिरी पाटी, सोनेरी अक्षरं, एकच माप. खालच्या ओळीत लिहिलं होतं, 'भिंती स्वच्छ कराव्यात.' मुदत तीन आठवडे.

ओपांनी तो कागद दोनदा वाचला. मग नियमांचं दीड पान त्याच्या शेजारी ठेवलं, जणू दोघांची ओळख करून देत होत्या. दोन्ही कागदांवर शिक्का एकाच खात्याचा होता. नियमात लिहिलं होतं, जुनी पाटी हलवू नये. आदेशात लिहिलं होतं, भिंत स्वच्छ करावी. स्वच्छ म्हणजे काय ते कुठेच लिहिलं नव्हतं.

त्यांनी पत्र लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, त्यात सव्वीस जुन्या पाट्यांची यादी आणि माझे फोटो जोडले. त्याचं उत्तर शब्दशः तेच आलं. तिसऱ्या पत्राच्या वेळी मी म्हटलं, ओपा, सोडून द्या. त्या म्हणाल्या, "उत्तर तरी निराळं येतंय का बघू." आलं नाही.

कंत्राटदाराची माणसं आली ती थेट दातांच्या दवाखान्यापासून सुरू झाली, कारण रस्ता तिथून सुरू होतो. मुकादम यिगितअली, मोठ्या मिशांचा, बोलायला साधा माणूस. परांची उभी केली होती, पाण्याचा पंप आणला होता, वाळूची पोती उतरवली होती. ओपा तिथे जाऊन पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. मी कॅमेरा घेऊन मागे.

"ओपा, बाजूला व्हा, अंगावर पाणी उडेल," यिगितअली म्हणाला.

"या अक्षरांना हात लावायचा नाही."

"कागद आहे का?"

ओपांनी दीड पान दाखवलं. त्याने खिशातून आदेश काढला. दोन्ही कागद एकमेकांना लावून त्याने तारखा बघितल्या आणि खरोखर दुःखी होऊन म्हणाला, "माझा नवा आहे."

"नवा आहे म्हणून खरा आहे?"

"ते मला नाही माहीत, ओपा. मला नव्याचे पैसे मिळतात."

एवढ्यात त्याच्या माणसांनी टेम्पोतून डॉक्टरची तपकिरी पाटी उतरवून भिंतीला टेकवली. डॉक्टर पांढऱ्या कोटातच बाहेर आला. खरं सांगायचं तर तो खूश होता. इतके महिने जे मागत होता, ते सरकारनेच फुकटात करून दिलं होतं. तो हात पुसत पाटीजवळ गेला, वाचली, आणि त्याचा चेहरा उतरला.

आमच्या उझबेक भाषेत तिश म्हणजे दात आणि तोश म्हणजे दगड. सोनेरी अक्षरांत, सुबक, चकचकीत, लिहिलं होतं, 'तोश शिफोकोरी'. दगडांचा डॉक्टर.

चहाखान्यातून पहिला आवाज आला, की दोख्तर, आता मूतखडेही काढायला लागलात का. दुसरा म्हणाला, बरोबरच आहे, रोटीत दगड घालणारा हाच, म्हणून तर दात पडतात. मग सगळा चहाखाना हसत सुटला. डॉक्टर लाल झाला. तो यिगितअलीला म्हणाला, ही पाटी माझ्या दारावर लागणार नाही. यिगितअलीने यादी काढून दाखवली, वरून आलेल्या यादीत तसंच होतं. डॉक्टर म्हणाला, यादी कुणाचीही असू दे. यिगितअली म्हणाला, पाटी नंतर बदलू, भिंत तर धुऊन घेऊ.

तेव्हा डॉक्टर ओपांच्या शेजारी, पायरीवर, जाऊन उभा राहिला.

"भिंतही नाही," तो म्हणाला. "ज्यांना दात आणि दगड कळत नाही, त्यांना मी माझी भिंत धुऊ देणार नाही. रोटी तर रोटी. निदान बरोबर लिहिलीय."

ओपांनी त्याच्याकडे पाहिलं. नंतर मला म्हणाल्या, की अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या बाजूने कुणीतरी उभं राहिलं, आणि तेही रागाच्या भरात. यिगितअलीने फोन लावले. फोनवर त्याला थांब म्हणाले, मग विचारून सांगतो म्हणाले, मग फोन उचलेनात. ओपा पायरीवरून हलल्या नाहीत. डॉक्टरने आतून त्यांच्यासाठी खुर्ची आणली, चहा आणला. आत तपासणीच्या खुर्चीत दाढदुखीचा पेशंट वाट बघत होता, त्याला त्याने गाल धरून बसायला सांगितलं. तीन तास आम्ही तिथे होतो. उन्हात भिंत तापली होती आणि निळ्या रंगाचे छोटे पापुद्रे वाऱ्याने थरथरत होते. ओपा मधूनच उठून त्यांच्याकडे बघायच्या.

दुपारी आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायच्या होत्या म्हणून मी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या औषधालयात गेलो.

हे मी इतक्यांदा मनात घोळवलंय, की सांगताना सरळ सांगतो. औषधालयाच्या बाजूच्या भिंतीवर आमच्या यादीतली सगळ्यात महत्त्वाची पाटी होती. एकावर एक, चार थरांत, 'औषधालय' हा एकच शब्द. सगळ्यात खाली अरबी अक्षरं, त्यांवर तिसाव्या दशकातलं लॅटिन, त्यावर रशियन अक्षरं, आणि कोपऱ्यात आताचं. जिथे एक रंग उडाला होता तिथून खालचा दिसायचा. ओपा शाळेतल्या मुलांना वर्षातून एकदा तिथे आणून वाचायला लावायच्या. यिगितअलीने काम खोळंबलं म्हणून निम्मी माणसं आणि दुसरा पंप त्या टोकाला पाठवला होता. दिवस वाया जाऊ नये म्हणून. मी पोचलो तेव्हा वाळूचा फवारा थांबला होता आणि एक माणूस झाडूने खालची वाळू गोळा करत होता. वाळूत निळे, काळे, तांबडे कण होते. भिंत नवी कोरी दिसत होती, वीट इतकी पिवळी की डोळ्यांना त्रास व्हावा. त्याने मला अभिमानाने विचारलं, "कशी झालीय?"

मी गोळ्या न घेताच परत आलो. ओपा अजून पायरीवरच होत्या. मी सांगितलं.

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. "कुठली भिंत?" असं त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "आज मी इथे होते." पुढे तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या, जणू मी त्यांना काही विचारलं होतं. यिगितअली जवळच होता, त्याने टोपी काढली. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणाला, आणि ते खरं होतं. सव्वीस पाट्यांची यादी वर कुठेतरी नोंद होऊन पडली होती, त्याच्यापर्यंत आली नव्हती. ओपा त्याच्यावर ओरडल्या नाहीत. खुर्ची उचलून डॉक्टरच्या दारात नीट ठेवली आणि कार्यालयात निघून गेल्या.

यिगितअलीने त्यानंतर 'नोन'ला आणि यादीतल्या बाकीच्या जुन्या पाट्यांना हात लावला नाही, मोकळ्या भिंती तेवढ्या धुतल्या. मेळा झाला. पाहुणे आले, त्यांनी पुलाव खाल्ला, फोटो काढले, त्यांतले बरेचसे 'नोन'खाली उभं राहून. दवाखान्याची सुधारलेली पाटी मेळा संपल्यावर आठ दिवसांनी आली. डॉक्टरने ती दारावर लावलीच नाही. खिडकीच्या आत, काचेला टेकवून उभी केली. पेशंट फोनवर पत्ता विचारतात तेव्हा आता तो सांगतो, जुन्या रस्त्यावर या आणि रोटीच्या खाली शिरा. चहाखान्याची टिंगल थांबलेली नाही, पण त्याने तिची धास्ती घेणं सोडलंय.

ओपांना दोन कागद आले. एकात विचारलं होतं, दवाखान्याची भिंत इतरांसारखी का नाही. दुसऱ्यात, औषधालयाची ऐतिहासिक पाटी कशी गेली, जबाबदार कोण. दोन्हींवर सही एकाच माणसाची होती. ओपांनी दोन्ही उत्तरांना आपली तिन्ही पत्रं जोडली.

ऑक्टोबरात वरचे एक साहेब स्वतः आले. औषधालयाचं प्रकरण त्यांना मिटवायचं होतं. त्यांचं म्हणणं, फोटो आहेतच, चांगला रंगारी बोलावू, जुनं वाटेल असं परत लिहून घेऊ, थोडं घासून, थोडं फिकं करून. पाहुण्यांना काय कळतंय.

ओपांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी अकरा वर्षं लोकांना नव्या पाट्या लावण्यापासून अडवतेय. आता मीच खोटी जुनी लावू?"

साहेब म्हणाले, तुम्ही फार ताणता. पाटी परत लिहिल्याशिवाय अहवाल बंद होणार नाही.

"ठीक आहे," ओपा म्हणाल्या. "भिंतीवर चार प्रकारची अक्षरं होती. चारही एकाच वेळी नव्याने लिहिली तर ती भिंत कधी होती तशी होणार नाही, कारण ती एकावर एक होती. म्हणजे एक निवडावं लागेल. अरबी लिहू, पहिलं लॅटिन लिहू, की रशियन, ते तुम्ही लिहून द्या. खाली सही करा."

त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. साहेबांनी पेन उचललं. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग ठेवलं आणि म्हणाले, की यावर वरच्यांशी बोलावं लागेल. वरच्यांना त्यांच्या वरच्यांशी बोलावं लागलं असणार. त्या कागदावर आजवर कुणी सही केलेली नाही. भिंत मोकळी आहे.

वर्षअखेरीला इमारतींचा तक्ता भरायचा असतो. तो आम्ही दोघांनी मिळून भरला. मी नाव वाचायचो, ओपा खूण करायच्या. पाटीच्या स्थितीसाठी तीन रकाने होते, उत्तम, बरी, दुरुस्ती हवी. औषधालयापाशी आल्यावर ओपा थांबल्या. मी म्हटलं, दुरुस्ती हवीमध्ये टाका, ओपा, एवढं कोण बघतंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खाली बघायला लागलो. मग ड्रॉवरमधून पट्टी काढली, तक्त्याच्या उजव्या कडेला एक उभी रेघ मारली, चौथा रकाना केला, आणि त्याच्या डोक्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'गेली'. खाली एकच खूण केली आणि पुढचं नाव वाच म्हणाल्या.